निवडक तीस पोरं

दोन वर्षं नम्रता सिस्टर जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत एकटीच दवाखाना चालवत होती. खोली शाळेची, औषधं विद्यापीठाची आणि वाड्यावाड्यांतली पायपीट तिची. विद्यापीठाचा शाळेशी झालेला करार वाढवायचा की नाही, हे ठरवायला आज डॉक्टर सिद्धेश येणार होते. कराराचं नम्रताला फारसं पडलं नव्हतं, इतकी ती थकली होती. डॉक्टर लहान मुलांच्या हृदयाचे तज्ज्ञ. चौथीतली तन्वी दहा पावलं चालली की बसायची, तिचे ओठ निळसर पडायचे. डॉक्टरांनी तिला एकदा तपासावं, एवढंच नम्रताला हवं होतं.

डॉक्टर आले, मुलं रांगेत उभी राहिली आणि नम्रताने रांगेवरून नजर फिरवली. तीसच्या तीस पोरं चापून भांग पाडलेली, इस्त्रीच्या गणवेशातली. कबड्डीचा तर अख्खा संघ हजर! खोकणारं, हाडकुळं एकही नाही.

“गुरुजी, आजारी पोरं कुठायत?” तिने मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं.

“घरी ठेवायला सांगितली,” हरिश्चंद्र गुरुजी कौतुकाने म्हणाले. “मोठी माणसं येणार, सिस्टर. चारचौघांत शाळेची शोभा नको.”

धन्य! पाहुणा आला की फुटके कप मागे सारावेत, तशी पोरं सारली होती. आणि माणूस इतका भला की त्याच्यावर चिडायचीही चोरी.

नम्रताने डॉक्टरांनाच तन्वीबद्दल सांगितलं. “साडेतीनपर्यंत आणा तिला,” डॉक्टर म्हणाले. “मला कणकवलीहून गाडी आहे.”

नम्रता उन्हात घाटी चढून तन्वीच्या घरी गेली. तन्वीची आजी शेवंती ऐकेचना. “अशा अवतारात नेतंस? डाक्टर काय म्हणतलो?” म्हणत तिने ट्रंकेतून नवा फ्रॉक काढला, वेणी घातली, पावडर लावली. नम्रता घड्याळाकडे बघत दारात उभी. उतारावर पोर तीनदा बसली. शेवटी नम्रताने तिला उचलून घेतलं.

शाळेत पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. गुरुजी व्हरांड्यात डॉक्टरांच्या शेऱ्याचा कागद धरून उभे होते. ‘सर्व विद्यार्थी सुदृढ. दवाखाना अधिक गरजू तालुक्यात हलवावा.’

“सिस्टर, मी थांबवलं त्यांना, पण...” गुरुजींनी कागद पुढे केला.

मागून शेवंती धापा टाकत आली. “डाक्टर खंय गो, बाय?”

“गेले, आजी. आता यायचे नाय.” नम्रता पायरीवर बसली. “शाळेतली सगळी पोरां बरी आसत, असा लिवून गेले.”

शेवंतीचा चेहरा उजळला. तिने नातीला जवळ ओढलं. “डाक्टरानच लिवल्यान? मगे आमचा चेडू पण बरा मां?”

नम्रताने तन्वीकडे बघितलं. पावडर लावलेल्या चेहऱ्यावर तिचे ओठ पार निळे पडले होते.