पडद्याच्या पोटातली पाकिटं

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, नाटकाचा. खिडकीला लोंबणाऱ्या फडक्यांशी माझं नातं जोडाल तर मला राग येईल. मी वीस फूट रुंद आहे आणि माझ्या अंगावर अख्खा राजवाडा आहे.

माझा जन्म वडसा गावचा. धनराजभाऊंनी नाटक कंपनी काढली तेव्हा त्यांनी मांजरपाटाचा तागा आणून पत्रू पेंटरच्या अंगणात टाकला आणि राजवाडा काढायला सांगितलं. पत्रूने जन्मात राजवाडा पाहिला नव्हता. त्याने पाहिलेली सगळ्यात मोठी इमारत म्हणजे गडचिरोलीची कचेरी. त्याने तीच काढली, वर दोन घुमट चढवले आणि दारात एक मोर बसवला. मोर बरा जमला.

दिवाळी ते होळी आमचा हंगाम. धान निघालेल्या बांध्यांमध्ये मंडप पडायचा आणि मी उलगडलो की चार गावांची माणसं टाळ्या वाजवायची. एका म्हातारीने तर मला हात जोडले होते. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला गर्व चढला होता. पुढे छापील फ्लेक्स आले, रंगीत दिवे आले आणि माझ्या वाट्याला एकच प्रवेश उरला.

होळीनंतर मला बांबूवर गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये बांधत. कंपनीच्या खोलीचं छप्पर गळायचं, म्हणून सगळी कागदपत्रं माझ्या गुंडाळीत सरकवली जात. "पडद्याच्या पोटात ठेवलं का ते भिजत नाई," असं धनराजभाऊ म्हणायचे. दुसरा नियम त्याहून कडक होता: नवा नारळ फुटल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. उघडला तर हंगाम बुडतो म्हणे. वर्षातले आठ महिने मी अंधारात पडून राहायचो.

धनराजभाऊ गेल्यावर त्यांच्या मुलाने, खुशालने, कंपनी हाती घेतली. माणूस कामाचा वाघ, पण कागद दिसला की शेळी. कंपनीचं बँकेत चालू खातं होतं. गावोगावची मंडळं नाटकाचा बयाणा त्यात टाकत. त्या वर्षी मार्च संपता संपता खुशालने नटांचे, वाजवणाऱ्यांचे सगळे पैसे चुकते केले आणि खात्यात तीनशे रुपये ठेवून तो मोकळा झाला. कंपनी झोपली की खातंही झोपतं, असा त्याचा भाबडा समज. बँकेचे मेसेज धनराजभाऊंच्या जुन्या नंबरावर जात होते आणि तो नंबर कधीच बंद पडला होता. पावसाळ्यात बँकेची पाकिटं आली, तीही त्याने न फोडता माझ्या पोटात ढकलली. ते कागद मला टोचत होते. पण पडद्याला वाचा कुठली!

दिवाळी सरली. पहिल्या प्रयोगाचे बारा हजार एका गावच्या मंडळाने खात्यात टाकले. त्यातून दिवे, आवाज आणि ट्रक ठरवायचा होता. खुशाल काढायला गेला आणि तोंड पाडून परत आला.

"आठ हजारच आहे," तो सत्यशीलाला म्हणाला. सत्यशीला त्याची बायको आणि कंपनीची मुख्य नटी. "खातं मायनसमध्ये होतं म्हणते. पैसे पडले तसे त्यायनं कापून घेतले."

"मायनसमध्ये? आपण तं बँकेले उधार मांगलंच नाई!"

"पाच हजार कायम ठेवा लागत होते म्हणते. नाई ठेवले तं दर महिन्याले दंड, अन् त्याच्यावर व्याज."

प्रयोग चार दिवसांवर होता. पहिला प्रयोग मोडला की बाकीची गावं दुसरी कंपनी धरतात. तसं झालं तर वीस माणसांची चार महिन्यांची रोजी जाणार होती. खुशाल माझ्या गुंडाळीपाशी आला. मग म्हणाला, "लच्छू मंडपवाला पडद्याचे चार हजार देतो म्हणे. मंडपाले मागून लावाले कापड पाहिजे त्याले."

मित्रांनो, राजवाडा कापून जेवणावळीच्या आडोशाची कनात!

कापड पाहायला लच्छू आला. नारळ फुटायच्या आधीच मला उलगडलं, आणि माझ्या पोटातून भद्कन चार पाकिटं जमिनीवर पडली. सत्यशीलाने एक उचललं.

"हे काऊन फोडलं नाई?"

"पडदा कसा उघडू हंगामाआधी?"

"पाकीट फोडाले पडदा काऊन उघडा लागते, जी?"

सत्यशीला तिथेच मांडी घालून बसली आणि चारही पत्रं वाचू लागली. पाठांतराची सवय असल्याने ती एकेक ओळ दोनदा वाचायची. मग तिने लच्छूला सांगितलं, "भाऊ, उद्या या." आणि ती बँकेत गेली.

मी काही बँकेत गेलो नाही, मला कोण नेणार? पण संध्याकाळी परत आल्यावर तिने माझ्यासमोरच सगळा प्रवेश करून दाखवला. मॅनेजर मॅडमही तीच आणि सत्यशीलाही तीच.

"नियमाप्रमाणेच कापलंय, बाई."

"मॅडम, नियम तुमचा अन् पत्रबी तुमचंच. पत्रात एक जुलैपासून दंड लिहून आहे. तुमी एप्रिलपासून कापून राह्यले. हे तीन महिने कोनाचे?"

हजारो माणसांसमोर न डगमगणारी बाई त्या काउंटरसमोर पत्रातल्या ओळीवर बोट ठेवूनच बोलली, हे तिनेच कबूल केलं. मॅडमनी संगणकात पाहिलं, पत्र पाहिलं, पुन्हा संगणकात पाहिलं. "चूक आमची आहे. तीन महिन्यांचे सतराशे सत्तर आजच परत करते. बाकीचे मात्र लागतीलच. कमी शिलकीचं खातं करून घ्या, असंही याच पत्रात लिहिलंय. वेळेवर वाचलं असतं तर तेही वाचले असते."

सत्यशीलाने तिथेच खातं बदलायचा अर्ज दिला आणि स्वतःचा नंबर लिहिला. आधीचे आठ हजार आणि परत मिळालेले पैसे यांत दिवे आणि आवाज बसला, ट्रकचे पैसे कमी पडले. खुशालने ट्रकवाल्या दिनेशला काही न लपवता सगळं सांगितलं. दिनेश हसला. "मीबी बँकेचं पाकीट फोडत नाई, भाऊ. पैसे नाटक झाल्यावर दे." दुसऱ्या दिवशी लच्छू आला, चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

प्रयोग झाला. राजवाडा उलगडला तेव्हा टाळ्या पडल्या. मोरालाच पडल्या असतील, पण माझी तक्रार नाही.

होळीनंतर मला पुन्हा गुंडाळलं. मी आठ महिन्यांच्या अंधाराची तयारी केली. पण एप्रिलच्या एक तारखेला दोरी सुटली. मे महिन्यातही सुटली. दर एक तारखेला सत्यशीला मला अंगणात पसरते आणि माझ्या शेजारी बसून बँकेचं महिन्याचं पाकीट फोडते. खुशाल आधी "हंगाम बुडन" म्हणून कुरकुरला. मग खात्यात हजार रुपये शाबूत दिसले, तेव्हा गप्प बसला.

म्हणून मित्रांनो, घरी आलेलं पाकीट वेळेवर फोडा. त्यात वाईट बातमी असली तरी ती ताजी असताना लहान असते. आणि घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवा. यंदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी श्रावणातलं ऊन पाहिलं. माझा मोर त्यात निळा दिसत होता. दिव्यांच्या उजेडात तो मला नेहमी काळाच वाटायचा.