खोट्या बॅटरीचा हिरवा दिवा

हिरवा दिवा दिसला की दादाच्या अंगात वारं शिरायचं. नव्या चार्जरवरचा दिवा लावल्या लावल्या हिरवा झाला, तसा तो टेबलावर थाप मारून ओरडला, "बॅटरी फुल्ल! एका मिनिटात!"

धाकटीने कपाळाला हात लावला. भावाबहिणीच्या या कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, डोकं तिचं होतं आणि तोंड त्याचं. ती रीतसर सर्किटं शिकली होती. दादा विकायला शिकला होता, तेही स्वतःच स्वतःकडून.

मुळात तिथे बॅटरी नव्हतीच. नव्या चार्जरपायी खरी लिथियम बॅटरी पणाला लागू नये म्हणून आधी खोटी, म्हणजे बॅटरीचं सोंग करणारी जोडणी, लावतात. दादाने खोटी म्हणून नुसता पॉवर सप्लाय जोडला होता. तो करंट देतो, घेत नाही. मग चार्जरने ढकललेला करंट जाणार कुठे? तो थांबला, आणि करंट थांबला म्हणजे बॅटरी भरली असं समजून बिचाऱ्या चार्जरने हिरवा दिवा लावला. दादाला दिव्यापलीकडचं काही दिसलं असेल तर शपथ.

"आज हाच आईच्या खुर्चीला लावतो," तो म्हणाला. "फोटो काढू. 'आमची आईसुद्धा हाच वापरते.' गिऱ्हाईक कसं विरघळतं बघ."

आईच्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीचा जुना चार्जर बंद पडला होता. ती खुर्ची पलंगाला खेटून चार्ज व्हायची, आई झोपलेली असताना. भरलेल्या लिथियमला आणखी पाजत राहिलं की ती तापते, फुगते, पेटते. आणि आईला उठून पळता येत नव्हतं.

"दादा, अक्कल गहाण टाकलीस का?" म्हणत तिने सप्लायला एक जाडजूड रेझिस्टर जोडला. आता ढकललेल्या करंटला वाट मिळाली. दिवा लाल झाला. बॅटरी भरत चालल्यासारखं दाखवायला तिने व्होल्टेज हळूहळू वाढवलं. साडेएकोणतीस व्होल्टला ही बॅटरी भरते, त्याच्या आत चार्जरने हात आखडता घ्यायला हवा होता. मीटरवर तीस झाले, तीसच्याही पुढे गेले, तरी हा पठ्ठ्या ढकलतोच आहे.

"तुझ्या त्या रेझिस्टरनेच बिघडवलं," दादा म्हणाला. "आणि खोट्या बॅटरीवरून खऱ्या बॅटरीचं काय कळतं?"

"मघाशी खोटीवरच नाचत होतास ना?"

"तुला माझ्या प्रत्येक कामात खोडा घालायचा असतो. एवढ्या-तेवढ्याने काही पेटत नाही." त्याने चार्जर उचलला आणि तरातरा आतल्या खोलीत गेला. धाकटी त्याच्या मागे धावली.

आई पलंगावर बसली होती. मधलं दार उघडंच असल्याने तिने सगळं ऐकलं होतं.

"लाव," ती दादाला म्हणाली. "खुर्ची मोकळीच आहे. लाव, आणि बॅटरी भरेपर्यंत तूच बस तिच्यात. मग मी बसते. मग काढ फोटो."

दादा खुर्चीपाशी गेला. सीटखालच्या बॅटरीच्या डब्याकडे त्याने पाहिलं, हातातल्या पिनेकडे पाहिलं. "चुकलं" एवढा एक शब्द म्हणाला असता तरी धाकटीने त्याला माफ केलं असतं. तो मान पुसत राहिला.

"बसलो असतो गं," तो म्हणाला, "पण मला जरा बाहेर एक फोन करायचाय." आणि त्याने चार्जर अलगद जमिनीवर ठेवला.

"का रे?" आई म्हणाली. "दिवा तर हिरवा होता ना?"