गुणाजीच्या घरातलं ताक

शेजारची शकू कुर्ल्यांच्या रश्श्याचं पातेलं घेऊन दारात उभी होती आणि गुणाजी तिला उंबरठा ओलांडू देत नव्हता.

"भावजी, आजारातून उठलेल्या माणसाला रस्सा लागतो. अंगात ताकद येते."

"ती ताकद बघितली मागल्या खेपेला. परत ने तू."

मागल्या खेपेला काय झालं होतं, ते वाडीला पाठ होतं. गुणाजीच्या बायकोला, तुळसाला टायफॉइड झाला. औषधं झाली, ताप उतरला, आणि त्याच दिवशी गुणाजीनं स्वतःच्या हातानं खेकड्यांचा असाच झणझणीत रस्सा करून तिला वाडगाभर पाजला. मासळीवर जगणाऱ्या घरात लाडकं माणूस बरं झालं की दुसरं देतात काय? पण त्यानंतर तिच्या पोटात जी कळ उठली आणि जे जुलाब लागले, ते सलाइन लावल्याशिवाय थांबले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी गुणाजीला चांगलंच फैलावर घेतलं. औषधानं वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मरतात, ते परत येईपर्यंत पेज, मऊ भात, केळं आणि ताजं ताक द्या, तिखट-तेलकट काही नको, असं बजावलं.

ताकाशी गुणाजी अडला. मासे आणि दूध-ताक एकत्र पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. तुळसा सध्या मासे खात नव्हती, हे खरं. पण पळी तीच, तवा तोच, हातही तेच. उगाच परीक्षा कशाला बघा? म्हणून होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, असलेल्या या माणसानं घरात मासळीच बंद केली. वाट्याला आलेले मासे तो जेट्टीवरच वाटून टाकायचा, साबणानं हात धुवायचा, वर हुंगून बघायचा आणि मग घरी येऊन पेज शिजत घालायचा. सवय होडीवर सगळ्या खलाशांचा भात रांधायची, त्यामुळे पेजही तेवढीच व्हायची. उरलेली तोच प्यायचा.

"तांडेलानं माळ घातली काय रं?" होडीवरचा नितेश विचारायचा.

गुणाजी हसण्यावारी न्यायचा. आतून मात्र त्याचं धाबं दणाणलं होतं. तुळसाची आई अशीच जुलाबांनी झिजत गेली होती. आणि तुळसाला पेजेचा वाडगा बघूनच नकोसं व्हायचं. तो समोर बसून राहायचा, म्हणून चार घोट घ्यायची. जेट्टीवर मासे विकताना जिचा आवाज बंदरभर जायचा, तिची हाक आता ओसरीपर्यंत पोचत नव्हती.

शकू फणकाऱ्यानं गेली. गुणाजीनं आत जाऊन पेज वाढली. तुळसा भिंतीला टेकून बसली होती. तिनं वाडगा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"अजून हाय?"

गुणाजीनं रिकामा वाडगा उचलून आत बघितलं.

"अवो, भूक लागलीय. घाला ना."

वाढताना निम्मी पेज जमिनीवर गेली. गुणाजी पाठ करून डोळे पुसू लागला. धूर गेला म्हणायची सोय नव्हती, घरात गॅस होता.

"रडताय कशाला? जेट्टीवर जा नि बांगडे घेऊन या."

"बांगडे? गो, डॉक्टरीण काय बोलली ते इसरलीस?"

"माज्यासाठी नाय, तुमच्यासाठी. गाल बघा कसे बसलेत. आजारी मी नि उपाशी तुमी."

"पण घरात ताक हाय..."

"ताक मी पितंय, बांगडा तुमी खाताय. कोड कुणाला उठायचं? नि उठलं तर उठू दे. या वयात आपल्याला कोण बघायला येणार हाय?"

गुणाजी हसला. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसला.

दिवेलागणीला त्यानं दोन बांगडे मीठ-हळद लावून भाजले. तुळसा ताकाचा पेला घेऊन त्याच्यासमोर बसली. पहिला घास घेताना तो बिचकला, मग भुकेनं सगळं विसरून जेवू लागला. लग्नापासून त्याची एक रीत होती. बांगड्याच्या पाठीचा मऊ तुकडा तो काटे काढून तिला द्यायचा. आत्ताही बोलता बोलता त्यानं काटे काढले आणि तुकडा ताटाच्या कडेला, तिच्या बाजूला ठेवला. मग एकदम भानावर येऊन तो उचलायला गेला.

तुळसानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली, आणि ताकाचा घोट घेतला.