नेमकं आत्ताच

सुनेने माहेरचा फोन कानाला लावून आपल्या आईला "ओम्मा" म्हटलं मात्र, आणि अनाउन्सरबाईंनी मिक्सर सुरू केला. भांड्यात काहीही नव्हतं. रिकामं भांडं घरघरत राहिलं, ओट्यावरचे चमचे थरथरले. बाई मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुनेच्या कपाळाकडे पाहत होत्या. एक आठी. एवढी एक आठी मिळाली असती तरी त्यांचं भागलं असतं.

सुनेचं कपाळ इस्त्री करून आणल्यासारखं होतं. तिने फोनवर हात ठेवला, कमरेतून किंचित वाकली आणि म्हणाली,

"हरकत नाही, आई. मी बाल्कनीत जाते. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे."

बाल्कनीचं दार हलकेच लागलं. बाईंनी मिक्सर बंद केला.

"काही वाटलं का?" पेपरच्या मागून ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"नाही. ना भांड्यात काही, ना तिला काही."

अनाउन्सरबाई हे त्यांचं बारशाचं नाव नव्हे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावरच्या एका काचेच्या खोलीत, मायक्रोफोनसमोर बसून, आपण न केलेल्या गुन्ह्यांची माफी मागण्यात घालवली होती. गाडी उशिरा येणार आहे, दिलगीर आहोत. गाडी रद्द झाली आहे, दिलगीर आहोत. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याचं ऐकून माणसाला आपला सन्मान झाल्यासारखं वाटावं. त्यातल्या बऱ्याचशा गाड्या ज्यांच्यामुळे उशिरा यायच्या ते ड्रायव्हरसाहेब. ते उशीर करायचे, बाई दिलगिरी व्यक्त करायच्या. पुढे दोघांचं लग्न झालं आणि कामाची वाटणी तीच राहिली.

त्यांचे चिरंजीव शिकायला म्हणून कोरियाला गेले. पदवी आणायची होती ती आणलीच, शिवाय सूनही आणली. मुलगी गुणी. कवळ्या तयार करणाऱ्या लॅबमध्ये तिला नोकरीही लागली. सासऱ्यांची नवी कवळी तिनेच केली, इतकी बेमालूम, की शेजारी त्यांना दात परत आले का म्हणून विचारू लागले. ड्रायव्हरसाहेबांचा एक मोठाच आधार मात्र त्यामुळे गेला. सुनेनेच बसवलेले दात सुनेवर धरणार कसे?

अडचण होती ती तिच्या मराठीची. ती फारच चांगली होती. लग्नाआधी तिला भाषा शिकवायची वेळ आली तेव्हा चिरंजीवांनी डोकं चालवून आईच्या जुन्या घोषणांच्या टेप घरून मागवून घेतल्या होत्या. शुद्ध उच्चार, सुटसुटीत वाक्यं आणि वर फुकट. मुलीने त्या तोंडपाठ केल्या. आता सकाळी लॅबला जायला निघाली की ती दारात उभी राहून सांगायची, "कृपया लक्ष द्या. मी थोड्याच वेळात सुटत आहे." पाणी सांडलं, दिलगीर. पाणी दुसऱ्याने सांडलं, तरी दिलगीर. आणि हे सगळं हुबेहूब बाईंच्या चालीत, बाईंच्या चढउतारांसह.

ज्या आवाजाने हजारो प्रवासी शांत केले, तो ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

"घर आहे का वेटिंग रूम?" त्या नवऱ्याला म्हणायच्या. "मला घरचं माणूस हवंय हो. घरचं माणूस चप्पल काढता काढता कुरकुरतं."

"माझ्यासारखं."

"तुमच्याइतकं नको."

त्यात दिवस थोडे उरले होते. चिरंजीवांच्या नव्या फ्लॅटचं रंगकाम संपत आलं होतं आणि महिनाअखेरीला जोडपं तिकडे राहायला जाणार होतं. फ्लॅट काही लांब नव्हता, दोन स्टॉप पलीकडे. जाण्याचं बाईंना दुःख नव्हतं. त्यांना धास्ती वेगळीच होती. पाहुणी म्हणून गेलेली मुलगी पाहुणी म्हणूनच परत येते. येताना फळांची करंडी आणते, खुर्चीच्या टोकावर बसते, घड्याळ बघते आणि छान वाटलं म्हणून निघून जाते. मग जन्मभर दोन्ही बाजूंनी दिलगिरी.

म्हणून बाई कोरियन शिकायला लागल्या. सकाळी भाजी निवडता निवडता शिकवणी चालायची. 'धन्यवाद', 'माफ करा', 'जेवलात का' वगैरे त्यांनी चार दिवसांत खिशात घातलं. ते त्यांच्या धंद्यातलंच होतं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आता मला वैतागाचा शब्द सांग."

सून गोंधळली. "आई, आपल्याला शिवी हवी आहे?"

"शिवी नको गं. त्या तुझ्या सासऱ्यांकडे पुष्कळ आहेत. साधा, घरगुती वैताग. रोजचा."

सुनेने शेंगेची शीर ओढता ओढता बराच विचार केला. मग दाराकडे एकदा पाहून, जणू काही चोरीचा माल दाखवते आहे अशा आवाजात म्हणाली, "हाफिल."

"हाफिल," बाई म्हणाल्या.

"'फ' फळातला. फोनमधला नाही."

"हाफिल. म्हणजे?"

"पाऊस आला. यात तक्रार नाही. पाऊस येतो. पण मी कपडे वाळत घातले आणि पाऊस आला, तर हाफिल. वेळ सांगणाऱ्या शब्दाच्या आधी लावतात. कोणा माणसावर रागवायचं नाही. वेळेवर रागवायचं. हाफिल ओनल, म्हणजे आजच. हाफिल चिगम, म्हणजे या क्षणीच."

बाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे आमचं नेमकं! नेमकं आजच, नेमकं आत्ताच!" त्यांच्या नोकरीत काचेपलीकडून सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द तो हाच. "मग तू म्हणतेस का कधी?"

"मी?" सून हसून म्हणाली. "मला इथे काहीच त्रास नाही, आई."

तर या वाक्यामुळे पुढचं सगळं घडलं. त्रास नाही म्हणून शब्द नाही, असा बाईंनी साधा हिशोब मांडला आणि नवऱ्याला कामाला लावलं. सून लॅबला निघायच्या वेळीच ड्रायव्हरसाहेब रेडिओ घेऊन बाथरूममध्ये शिरू लागले आणि गाडी आगारात लावल्यासारखे तिथे थांबू लागले. सुनेची एक चप्पल रोज कपाटामागे प्रवासाला जायची. इस्त्रीच्या कपड्यांवर ओला टॉवेल पडायचा. ड्रायव्हरसाहेबांना असलं काम जन्मात कोणी सांगितलं नव्हतं, ते मन लावून करत होते. सून बाथरूमच्या दाराबाहेर ब्रश घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आपण सावकाश या, बाबा. हरकत नाही."

"हाफिल म्हणाली का?" बाई मागाहून विचारायच्या.

"नाही. मीच आतून दोनदा म्हणालो. पाणी गेलं होतं."

रात्री जेवताना चिरंजीव मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणायचे, "आपल्याकडे किती शांतता आहे ना!" आणि डोकं परत जागच्या जागी ठेवायचे.

तर त्या दिवशी रिकामा मिक्सर बंद करून बाई वाळलेले कपडे काढायला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. दोरी खिडकीपासून बाल्कनीपर्यंत होती. पलीकडे सून पाठमोरी उभी होती आणि फोनवर बोलत होती. बाईंच्या हातात टॉवेल तसाच राहिला.

कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. सून चक्क नाकातून बोलत होती. शब्द लांबवत होती, पाय आपटत होती. "हाफिल," ती म्हणाली, आणि पुढे मिक्सरसारखं काहीतरी. मग परत "हाफिल". मग सासऱ्यांचा रेडिओ बाथरूमच्या दाराआडून कसा ऐकू येतो, त्याची नक्कल. मग "हाफिल, हाफिल" असं दोनदा, कपाळावर हात मारून. तिकडून तिची ओम्मा एवढ्या मोठ्याने हसत होती की ते खिडकीपर्यंत ऐकू आलं.

बाई टॉवेल घेऊन आत आल्या आणि घडी न घालताच बसल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे वैताग आहे. भरपूर आहे."

"मग झालं की काम!"

"कसलं काम? पिकवतोय आपण आणि सगळा माल जातोय माहेरी. आपल्या वाट्याला नुसतं हरकत नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी पेपर खाली ठेवला. बायकोचा आवाज असा बसलेला त्यांनी क्वचितच ऐकला होता. तो सर्दी झाली तरी बसत नसे.

"आईशी माणूस बोलतंच गं," ते म्हणाले.

"मग मला काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता टॉवेलची घडी घालायला घेतली. चार कोपरे जुळवून, फार नीट.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम बंद. बाथरूम वेळेवर मोकळी. चपला जोडीने. फोन वाजला की बाई स्वतः उठून बाल्कनीचं दार लावून घेत. सुनेला त्या "अगं" ऐवजी "बाळ" म्हणू लागल्या. तिने काही उचललं की "राहू दे, मी करते." निघायच्या आदल्या आठवड्यात घरात इतकी सभ्यता साचली, की पाय घसरावा. शिकवणीही थांबली. सुनेने एकदा भाजीची टोपली घेऊन विचारलं, "आज नवा शब्द?" तेव्हा बाई म्हणाल्या, "नको बाळ, तुला आवराआवर असेल." सुनेने टोपली जागच्या जागी ठेवली. मग वाकली आणि गेली.

सामान हलवायचा दिवस उजाडला. दिवाणखान्यात खोके रचलेले. टेम्पोवाला येतो येतो म्हणत होता. चिरंजीव खाली रस्त्यावर उभे राहून त्याला रस्ता सांगत होते. ड्रायव्हरसाहेब खोक्यांना दोऱ्या बांधत होते. सून आतल्या खोलीत फोनवर होती. बाईंनी आठवणीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, भांड्यांचा आवाज नको म्हणून.

ते दार धाडकन उघडलं.

"हाफिल!" सून म्हणाली.

बाई हातात झारा घेऊन वळल्या.

"हाफिल चिगम! नेमकं आत्ताच!" सुनेने फोन ओट्यावर आपटल्यासारखा ठेवला. "ओम्मा म्हणते, सासू रागावली आहे. म्हणते, तू काहीतरी केलंस आणि मला सांगत नाहीस. रोज विचारते, आज काय केलं त्यांनी? मी म्हणते, काही नाही. ती म्हणते, खोटं बोलू नको. आठवडाभर मिक्सर नाही, रेडिओ नाही! माझ्या दोन्ही चपला एकाच ठिकाणी! मी तिला सांगू काय?"

बाहेर दोरीला गाठ मारायचा आवाज थांबला.

"मिक्सर..." बाईंनी घसा खाकरला. "मिक्सरमध्ये मी ते..."

"मिक्सर रिकामा असतो, आई. मी दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घासण्याचं यंत्र चालवते. काही घासलं जातंय की नुसतं फिरतंय, ते मला आवाजावरून कळतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून!"

"अगं मग बोलली का नाहीस?"

सून खुर्ची ओढून बसली, टोकावर नाही, चांगली मागे रेलून.

"तुमच्या टेपमध्ये तक्रार कुठे होती? सगळी माफीच होती. ऐकणारे काय बोलतात ते तर टेपमध्ये येतच नाही. मला वाटलं, या घरात असंच बोलतात." तिने नाक ओढलं. "आणि तुम्ही त्रास देत होतात तेव्हा बरं होतं. मला वाटायचं, चला, महिनाअखेर आली, सुटू आपण. आता तुम्ही नेमकं जायच्या वेळी गोड वागताय. बाळ म्हणताय. मग निघायचं कसं माणसाने?"

आयुष्यभर बाईंसमोर अशी वेळ आली की एक वाक्य आपोआप ओठांवर यायचं. ते आत्ताही आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. ओट्यावर सुनेचा फोन पुन्हा थरथरू लागला.

"परत ओम्मा," सून म्हणाली आणि फोन कानाला लावला.

अनाउन्सरबाईंनी झारा खाली ठेवला. फडताळातून मिक्सरचं भांडं काढलं, आत पाहिलं, कोरडं होतं. ते त्यांनी नीट बसवलं, झाकण दाबलं आणि बटण थेट तीनवर फिरवलं.

"आई!" सून त्या घरघरीवरून ओरडली. "बंद करा तो!"

त्यात 'कृपया' नव्हतं. बाईंना ते स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी हात कानामागे नेला आणि काय म्हणतेस, अशी मान हलवली.