धोट्याच्या चालीने चालणारा तक्ता

“बाई, आमच्या तक्त्यावर तुमचं बीजगणित चालत नाही. चूक कोणाची, आमची की बीजगणिताची?”

मित्रांनो, शेवंतीने भर वर्गात हे विचारलं तेव्हा मी तिच्या काखेत होतो. “विचारून दाखव, नाहीतर तू भित्री भागूबाई!” असं शेजारच्या बाकावरच्या बकुळाने तिला डिवचलं होतं. पोरी फिदीफिदी हसल्या.

मी एक जुना अंकतक्ता आहे. मूळचा लालबागच्या गिरणीतल्या खोक्याचं झाकण. शेवंतीचे बाबा जयवंत तिथे साच्यावर कापड विणायचे. ब्याऐंशी साली संप झाला. साचे थांबले, पण बाबांचे हात थांबेनात. त्यांनी चाळीतल्या पोरांसाठी माझ्यावर शंभर घरं आखली आणि एक ते शंभर अंक रंगवले.

पण जन्मभर साच्यावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याची ये-जा बघितलेला माणूस तो! वरच्या ओळीत एक ते दहा लिहिले आणि दहाच्या बरोबर खाली अकरा काढून उलटे वीसपर्यंत परत आले. पुढची ओळ पुन्हा सुलटी. “धोटा काय रिकामा परत येतो?” ते म्हणाले.

“जयवंता, तक्ता लिहिलास की विणलास?” चाळ खो खो हसली. तेव्हापासून मी कधी कॉटखाली, कधी मोरीच्या आडोशाला. एका जागी म्हणून टिकलो नाही.

त्यात आता घरच हलायचं होतं. संप मिटेना, म्हणून बाबांनी सगळ्यांना कोकणात न्यायचं ठरवलं. गावची शाळा सातवीपर्यंतच, आणि शेवंती नववीत.

बाईंनी वर्गात सगळ्या ओळी सुलट्या असलेल्या तक्त्यावर अधिक चिन्हासारखी पाच घरांची खिडकी ठेवली होती. बेरीज नेहमी मधल्या अंकाच्या पाचपट. शेवंतीने घरी लग्नपत्रिका कापून तशीच खिडकी माझ्या पंधरावर ठेवली. पंचाहत्तर यायला हवे होते. आले सत्त्याहत्तर!

म्हणून तर तिने मला वर्गात आणून तो प्रश्न विचारला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “चूक म्हणून सोडू नकोस. एकाखाली एक, अशा दोनच घरांची खिडकी करून बघ.”

घरी येताच तिने ती वरच्या दोन ओळींवर सरकवली. एक आणि वीस. दोन आणि एकोणीस. सात आणि चौदा.

“एकवीस! परत एकवीस! बाबा, वरचा अंक क्ष धरला तर खालचा एकवीस वजा क्ष. बेरजेत क्ष उडतो, उरतात एकवीस! एक ओळ खाली गेलं की एक्केचाळीस, मग एकसष्ट!”

बाबा उकिडवे बसले. स्वतःच खिडकी सरकवत राहिले. “म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

“चाल वेगळी होती, बाबा.”

“शेवंते, पसारो आवर गो,” आई दोरी घेऊन आली. “उद्या गाडी आसा. ता झाकान हय दी, ट्रंकेखाली घालूया.”

मित्रांनो, वेगळ्या चालीचं काही दिसलं, तर फेकण्याआधी थोडं सरकवून बघत जा. माझं तेवढंच मागणं आहे.

शेवंतीने मला आईच्या हातात दिलं नाही. छातीशी धरून ती उभी राहिली.

“आई, बाबा, मी उद्या गाडीत बसणार नाही. पुतळाआत्याला मी विचारून आलेय. भोईवाड्याच्या तिच्या खोलीत माझी पथारी मावते. तुम्ही जा. मी दहावी करूनच येईन.”