उजव्या हाताची समाधी

कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी भरगच्च सभागृह श्वास रोखून बसलं होतं, कारण योगाचार्य श्यामसुंदरजींची नाडी थांबणार होती. पुण्यात लोक वेळेवर येतात ते अशाच गोष्टींना.

योगशिक्षक प्रशिक्षणाचा तो पहिला दिवस. माझी भाची स्पृहा आयटीतली नोकरी सोडून योगशिक्षिका व्हायला निघाली होती, त्यात मला काहीच गैर वाटत नव्हतं. बाकीच्या वर्गांत नुसती आसनं शिकवतात म्हणून तिने हा निवडला. इथे म्हणे नाडीवर ताबा मिळतो आणि मग औषधं लागत नाहीत. स्पृहाला लहानपणी फिट यायच्या. गोळ्या नेमाने घेते म्हणून कित्येक वर्षांत आली नाही. त्याच गोळ्या आज दीक्षेच्या वेळी आचार्यांच्या पायाशी ठेवायच्या होत्या. डबी तिच्या पर्समध्ये होती आणि माझा जीव त्या डबीत.

आचार्यांनी डोळे मिटले, डावा हात शालीखाली ठेवला आणि उजवा पुढे केला. प्राण आता ब्रह्मांडात विहार करीत आहेत, असं ते म्हणाले. प्राण गेले तरी कॉलरचा माइक चालू होता.

एकेक जण मनगट चाचपून गेला. एक निवृत्त प्राध्यापक डोळे पुसत परतले. स्पृहाही जाऊन आली.

"मावशी, खरंच नाही लागत गं," ती म्हणाली आणि तिने डबी बाहेर काढली.

मी आयुष्यभर शाळेत कवायत घेतली. पोराचं कोपर बरगडीला चिकटलं की त्याने काखेत काहीतरी लपवलंय, हे मला लांबून कळतं. आचार्यांचं उजवं कोपर तसंच चिकटलं होतं. मी व्यासपीठावर गेले.

"आता डावा द्या," मी म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. गुरूंचा डावा हात कोण मागतं? सकाळपासून कुणीच मागितला नव्हता, आणि तेवढ्यावरच ब्रह्मांड चाललं होतं. डावा हात अशुभ असतो, असं आचार्य समाधीतूनच म्हणाले. मी शालीत हात घालून मनगट धरलं. नाडी व्यवस्थित चालू होती, माझ्यापेक्षा जोरात. मी स्पृहाला बोलावून तिलाही बघायला लावलं.

मग तळपाय रगडायला ठेवलेल्या रबरी चेंडूंपैकी एक उचलून मी स्वतःच्या काखेत दाबला आणि मनगट तिच्यापुढे धरलं.

"बघ, मलाही समाधी लागली का."

लागली होती. काखेतली रक्तवाहिनी दाबली की ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. हृदय आपलं काम करतच असतं.

"आचार्य, आता दोन्ही हात वर घ्या. ताडासन."

समाधीनंतर हात वर करणं वर्ज्य आहे, असं ते म्हणाले. ज्यांनी सकाळी ताडासनाचे फायदे सांगितले होते, तेच हे.

स्पृहाने डबी पर्समध्ये टाकली. रिक्षात ती रडली. मला तिची कीव आली आणि त्या माणसाचा संतापही.

पुढे ती येरवड्याच्या एका साध्या वर्गात गेली. तिथल्या दीपमालाबाईंनी आधी औषधांचं विचारलं. गोळी चुकवायची नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय शीर्षासन करायचं नाही, असं बजावलं. चमत्कार काही दाखवला नाही. स्पृहाने तिथे नाव घातलं.

योग जरूर शिका. फक्त गुरूचे दोन्ही हात तपासा, आणि जो गोळ्या सोडायला सांगेल, त्याच्यासमोरून उठून घरी या.