छत्रीच्या काडीवरचं सूत

झुंबरबाईची चाती म्हणजे तिचा जीवच. चरख्यावर सूत गुंडाळणारी ती पोलादी सळई माहेरच्या लोहारानं घडवलेली, आणि वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. अख्ख्या सोनाळ्यात झुंबरबाईसारखं सूत कोणी कातत नसे, आणि हे तिला कोणी सांगावं लागत नसे. सून रुख्मिणीनं चरख्याला नुसता हात लावला तरी ती खेकसायची, “ठेव वं खाली. तुह्या हातचा धागा टिकन का?”

लेकीचं, सरस्वतीचं, लग्न ठरलं. नवरानवरीच्या मध्ये धरायचा अंतरपाट या घराण्यात घरच्याच कपाशीचा, घरच्याच बाईनं कातलेला असायचा. विकतचा धरला असता तर व्याह्यांनी जन्मभर नावं ठेवली असती. निम्मं सूत झालं आणि झुंबरबाईला भलतीच बुद्धी सुचली. सुनेचा हात लागू नये म्हणून ती चाती ज्वारीच्या पोत्यात खुपसून ठेवू लागली. गड्यानं नेमकं तेच पोतं दळणाला न्यायला गाडीत आपटलं. चाती निघाली ती विळ्यासारखी वाकून. झुंबरबाई ती दगडावर ठेवून ठोकायला गेली, तर कडकन मोडली.

झुंबरबाई मटकन खाली बसली. लोहार कधीचा वारला होता आणि पुंजाजी कोष्टी मागावर चढवायला सूत मागत होता. “आता विकतचा अंतरपाट धरू का माह्या लेकीपुढं?” म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

रुख्मिणीनं खुंटीवरची सासऱ्याची, किसनरावांची, छत्री काढली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. किसनराव तिथल्या कचेरीत गेले, तेव्हा ऐट म्हणून ती घेऊन आले. भिजेल म्हणून पावसातही उघडत नसत. सुनेनं तिची एक काडी सरळ उपसली.

झुंबरबाई रडायची थांबली. “घरधनी काय म्हणतीन वं?”

“छत्री उघडतीन तवा म्हणतीन,” रुख्मिणी म्हणाली.

काडीचं टोक तिनं पाट्यावर घासलं. फुटक्या मडक्याची खापरी घासून गोल केली, भोक पाडून काडीत बसवली. चाकावरून येणारी माळेची दोरी घसरू नये म्हणून काडीला सुतळीचे वेढे देऊन वर बाभळीचा डिंक चोपडला. जुन्या वहाणेचे दोन तुकडे कापून चरख्याच्या खुंटांना बसवले, त्यांत काडी अडकवली आणि चाक फिरवलं.

पहिला धागा तुटला. दुसराही तुटला. झुंबरबाईच्या अगदी जिभेवर ‘ठेव वं खाली’ आलं होतं, पण तेवढ्यात रुख्मिणीनं कापसाचा पेळू जरा ढिला धरला आणि धागा निघू लागला. बारीक, सलग, पीळ जिथल्या तिथं. सासू पुढं सरकली. धागा चिमटीत धरून ओढला. तुटेना. बाई गं, काय हात होता पोरीचा! झुंबरबाई कौतुकानं पाहतच राहिली.

“कुठी शिकली हे?”

“तुमचंच पाहून, आत्याबाई. हात लावू देल्ला नाही, पण पाहू तं देल्लं.”

झुंबरबाईला फार वाईट वाटलं. ती सुनेला पेळू वळून देत बसली.

पुंजाजीनं दोघींच्या लडी एकत्रच विणायला घेतल्या. लग्नाच्या दिवशी अंतरपाट मांडवात आला तेव्हा विहीण सुभद्राबाईंनी त्यावरून हात फिरवला. “झुंबरबाई, तुमच्या हाताले तोड नाही.”

सवयीनं झुंबरबाईची मान ताठ झाली. मग तिनं अंतरपाट उजेडाला धरला आणि या काठापासून त्या काठापर्यंत बोट फिरवत आपलं सूत शोधलं.

“निम्मं सूत माह्या सुनेचं हाय,” ती भर मांडवात म्हणाली. “कोणतं, ते मले बी ओयखू येत नाही.”